बोंडल्याची साक्ष

गेल्या दिवाळीत रिठदला गेलो होतो. रिसोड तालुक्यातले हे गाव. सोयाबीन घरात आलेले, तूर फुलावर आलेली, हळद शेतात उभी. अशा दिवसांत गावाला थोडी सवड असते. ओसरीवर बसलो असता चुलत भावाचा मुलगा आतून एक तांब्या घेऊन आला आणि त्याने तो माझ्यापुढे ठेवला. तांब्याच्या तोंडावर रबरी कडेचे घट्ट झाकण, झाकणातून वर आलेली एक वाकडी नळी आणि नळीच्या शेजारी एक बारीक भोक. त्याच्या आजीला, म्हणजे माझ्या काकूला, अर्धांगाचा झटका येऊन वर्ष झाले होते. तिला मान उचलता येत नसे. पेल्याने पाणी पाजावे तर निम्मे उशीवर सांडायचे. म्हणून पोराने हे साधन केले. तांब्या कलता धरून भोकावर बोट ठेवले की पाणी थांबते, बोट उचलले की येते.

"काका, याचं पेटंट भेटते का?" त्याने विचारले.

प्रश्न साधा, पण त्यामागे पैशाचा व्यवहार उभा होता. शहरातल्या कोणा मध्यस्थाने त्याला लाखोंची स्वप्ने दाखवली होती आणि त्या स्वप्नांचा आगाऊ मोबदला म्हणून सोयाबीनचे निम्मे पैसे मागितले होते. पोर देण्याच्या बेतात होते. एवढ्यात खाटेवरून काकूचा आवाज आला, "हे तं बोंडलंच होय बापा! माह्या लेकराईले म्या यानंच दूध पाजलं."

सगळे हसले. पोर हिरमुसले. मी त्याला म्हटले, "पैसे देण्याची घाई करू नकोस. दोन महिने थांब, मी वाचून सांगतो." मी वकील नव्हे, जुन्या गोष्टी चाळण्याची हौस असलेला एक सामान्य वाचक. परंतु त्या दोन महिन्यांत जे वाचनात आले त्यावरून माझी खात्री झाली, की काकूने खाटेवरून हसत हसत उच्चारलेले ते वाक्य कायद्याच्या भाषेत चांगलेच वजनदार होते.

पेटंट हा शब्द आपण आता औषधांच्या नि यंत्रांच्या संदर्भात ऐकतो. पण त्याचा मूळ अर्थ 'उघडे पत्र' एवढाच आहे. राजाने एखाद्याला काही हक्क दिला, तर ते पत्र मोहोरबंद न ठेवता सर्वांनी वाचावे म्हणून उघडे देत. आपल्याकडचा ताम्रपट याच जातीचा. रिठदपासून जवळच असलेले वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. तेथून विंध्यशक्ती दुसरा या राजाने आपल्या कारकिर्दीच्या ३७ व्या वर्षी दिलेला ताम्रपट प्रसिद्ध आहे. त्यात एक गाव ब्राह्मणांना दान दिले आहे. दान काय, कोणाला, कोणत्या सवलतींसह, हे सारे तांब्यावर कोरून जगासमोर ठेवलेले. फरक इतकाच, की ताम्रपट चंद्रसूर्य असेतोपर्यंतचा असे आणि पेटंट ठरावीक मुदतीचे असते.

ही मुदतीची कल्पना युरोपातली. १४७४ मध्ये व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने नव्या युक्त्या करणाऱ्यांना दहा वर्षे संरक्षण देणारा कायदा केला. इंग्लंडात राजे लोक मीठ, पत्ते अशा रोजच्या वस्तूंचे मक्ते आपल्या मर्जीतल्या माणसांना वाटू लागले, तेव्हा लोक चिडले आणि १६२४ मध्ये पार्लमेंटने सगळे मक्ते मोडीत काढले. अपवाद ठेवला तो नव्या कारागिरीचा, आणि तोही १४ वर्षांपुरता. या अपवादातूनच आजचा कायदा वाढला. त्यामागचा सौदा सरळ आहे: तू समाजाला जवळ नसलेली गोष्ट दे, ती कशी करायची ते उघड लिहून दे, समाज तुला काही वर्षे एकट्याने तिचा लाभ घेऊ देईल, मग ती सर्वांची. समाजाजवळ जे आधीच आहे तेच कोणी त्याला परत देऊ लागला, तर मोबदला कशाचा द्यायचा? मुंबई उच्च न्यायालयासमोर १९३० नंतरच्या दशकात लल्लूभाई चकुभाई यांचा जो खटला चालला, त्यात हेच तत्त्व सांगितले गेले, की उपयुक्तता हवीच, पण खरी कसोटी नावीन्याची.

हिंदुस्थानात हा कायदा १८५६ मध्ये आला. पहिला हक्क मिळाला तो कलकत्त्याचे एक इंजिनियर जॉर्ज आल्फ्रेड डी पेनिंग यांना, आणि तो कशासाठी, तर पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी! आगगाडी नव्हे, तारायंत्र नव्हे; साहेबाच्या डोक्यावरचा झालरीचा पंखा. गंमत अशी, की हा कायदाच इंग्लंडच्या राणीची संमती न घेता केला गेल्याचे नंतर ध्यानात आले. तो १८५७ मध्ये रद्द झाला आणि १८५९ मध्ये नव्याने करावा लागला. पुढे १९११ चा कायदा आला, स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ मध्ये अहवाल दिला आणि त्यातून १९७० चा आपला कायदा झाला. तो २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला. आज पेटंटाची मुदत २० वर्षांची आहे.

पहिल्या पेटंटाचा विषय पंखा होता हे मी मुद्दाम सांगितले. पंखा नवा नव्हता, तो ओढण्याची कल्पनाही नवी नव्हती. यंत्र तेवढे नवे. रोजच्या वापरातल्या वस्तूंचा न्याय करणे का कठीण असते, ते येथेच दिसते. इंजिनाबद्दल वाद झाला तर जाणकार बोलावता येतात. पेला, झाकण, नळी यांच्याबाबत प्रत्येक माणूस जाणकार. कोणतीही युक्ती पुढे ठेवा, "यात काय विशेष?" असे म्हणायला दहा तोंडे तयार असतात. हे वाक्य कधी खरे असते आणि कधी केवळ मत्सराचे किंवा आळसाचे असते, हे ओळखण्याची रीत कायद्याने दीडशे वर्षांत हळूहळू बसवली.

त्यासाठी त्याने प्रश्नाचे दोन भाग केले. पहिला: ही वस्तू आधी होती का? दुसरा: नसली, तरी त्या धंद्यातल्या जाणत्या माणसाला ती सहज सुचली असती का? पहिला प्रश्न पुराव्याचा आहे, दुसरा तारतम्याचा.

दुसऱ्या प्रश्नाची उदाहरणे मोठी घरगुती आहेत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १८५१ मध्ये दाराच्या मुठीचा खटला आला. मुठी पूर्वी लाकडाच्या, धातूच्या असत. एकाने त्या चिनी मातीच्या केल्या. वस्तू चांगली, स्वस्त, टिकाऊ. परंतु न्यायालय म्हणाले, की पदार्थ बदलण्याएवढे कौशल्य कोणत्याही सामान्य कारागिराजवळ असते. १८७५ मध्ये त्याच न्यायालयापुढे पेन्सिलीच्या टोकाला रबर बसवल्याचे पेटंट आले. तेही टिकले नाही. पेन्सिल लिहिण्याचे काम करते, रबर खोडण्याचे. दोघे एका काडीवर राहतात, पण एकमेकांच्या कामात हात घालत नाहीत. इंग्लंडात १८९० मध्ये मांस बारीक करण्याचे आणि ते भरण्याचे अशी दोन जुनी यंत्रे जोडून केलेल्या यंत्राची हीच गत झाली.

आपल्या देशातला या विषयावरचा प्रसिद्ध निकाल तर प्रत्यक्ष भांड्यांवरूनच झाला. मिर्झापूर हे पितळी भांड्यांचे मोठे ठिकाण. तेथे भांडे लेथवर चढवून कातायचे आणि चकचकीत करायचे, तर ते उष्णतेने मऊ होणाऱ्या लुकणाने चिकटवीत, किंवा पकडीत धरीत. फिरता फिरता भांडे निसटून उडे आणि कामगाराला इजा होई. हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या पेढीच्या एका भागीदाराने समोरच्या टोकाकडून भांडे दाबून धरणारा आधार जोडला आणि डिसेंबर १९५१ मध्ये पेटंटाचा अर्ज केला. गावातलीच बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम ही पेढी तीच रीत वापरू लागली. खटला उभा राहिला. एका न्यायाधीशाने पेटंट रद्द केले, खंडपीठाने ते पुन्हा उभे केले आणि डिसेंबर १९७८ मध्ये, अर्जानंतर २७ वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयाने ते अखेर रद्द ठरवले. पेटंटाची मुदत तोवर सरूनही गेली होती!

परंतु निकाल उशिरा लागला तरी त्याचा बोध मोलाचा ठरला. न्यायालयाने म्हटले ते थोडक्यात असे: समोरून आधार देणारा भाग लेथच्या धंद्यात कैक वर्षे ठाऊक होता, तो भांड्यांच्या लेथला लावणे ही कारखान्यात चालता चालता होणारी सुधारणा आहे. जुन्या गोष्टी नुसत्या शेजारी मांडल्याने शोध होत नाही. आणि कसोटी कोणाच्या डोळ्यांनी लावायची? अर्जाच्या दिवशी जे ज्ञान सर्वत्र होते ते ज्याच्या अंगी आहे, जी अडचण पेटंटवाल्यापुढे होती तीच ज्याच्यापुढे आहे, पण त्याची युक्ती मात्र ज्याला माहीत नाही, अशा कसबी कारागिराच्या डोळ्यांनी. आमच्या भाषेत सांगायचे तर, न्यायाधीशाने आपली खुर्ची सोडून घटकाभर तांबट आळीत जाऊन बसायचे.

मग जुन्या भागांतून शोध होतच नाही काय? होतो, आणि त्याचे उत्तम उदाहरण आपल्या जत्रांतून शंभराहून अधिक वर्षे फिरत आहे. गोटी सोड्याची बाटली पाहा. हिरम कॉड या इंग्रजाने १८७० नंतरच्या दोनतीन वर्षांत तिची पेटंटे घेतली. काच जुनी, काचेची गोटी जुनी, रबराचे कडे जुने. त्याने बाटलीचा गळा चिमटला, वर रबराचे कडे बसवले आणि आत गोटी सोडली. बाटली उलटी धरून भरली की आतला वायूच गोटीला कड्यावर दाबून धरतो. ज्या वायूमुळे बूच उडून जाण्याची भीती, तोच येथे बूच झाला! उघडताना गोटी खाली ढकलायची. ती चिमट्यात अडकून राहते आणि पिताना आडवी येत नाही. येथे प्रत्येक भाग दुसऱ्याच्या कामात हात घालतो. पेन्सिल-रबर आणि ही बाटली यांतला भेद ज्याच्या ध्यानात आला, त्याला या कायद्याचे अर्धे मर्म कळले.

आणि मुदतीचे मर्मही याच बाटलीत आहे. चौदा वर्षांची मुदत सरली आणि बाटली सर्वांची झाली. कॉड १८८७ मध्ये वारला. त्याची पेटंटे केव्हाच संपली. पण यात्रेत लाकडी खुंटीने गोटी ढकलून 'फट्' असा आवाज काढणारा सोडावाला आजही कोणाला एक पैसा देणे लागत नाही.

"यात काय विशेष?" या वाक्याचा धोकाही पाहिला पाहिजे. पेय ओढून पिण्याची नळी फार पुरातन. प्राचीन सुमेरच्या चित्रांतही माणसे मोठ्या भांड्यातून नळ्यांनी पिताना दिसतात. आमच्याकडे पोरे पपईच्या पानाचा पोकळ देठ तोडून त्याने पाणी ओढतात. अमेरिकेत राय गवताच्या काड्या वापरीत. त्या भिजून मऊ होत आणि पेयाला गवताचा वास लागे. मार्विन स्टोन याने कागद गुंडाळून नळी केली आणि ३ जानेवारी १८८८ रोजी तिचे पेटंट मिळवले. पुढे जवळजवळ पन्नास वर्षे ती सरळच राहिली. एके दिवशी सान फ्रान्सिस्कोमध्ये जोसेफ फ्रीडमन याने आपल्या लहान मुलीला उंच पेल्यातला मिल्कशेक सरळ नळीने पिताना पाहिले. तोंड पोचेना, नळी वाकवली तर चिंबून बंद होई. त्याने नळीत एक स्क्रू घातला, बाहेरून दोरा आटे धरून घट्ट गुंडाळला आणि स्क्रू काढून घेतला. कागदावर वळ्या उमटल्या आणि नळी न चिंबता वाकू लागली. १९३७ मध्ये त्याला पेटंट मिळाले आणि १९४७ मध्ये पहिली विक्री झाली ती एका रुग्णालयाला. अंथरुणावर पडल्या पडल्या पिणाऱ्या रोग्यांसाठी.

आता ही युक्ती कोणालाही सुचली असती काय? आज ती पाहिल्यावर वाटते, सुचली असती. पण पन्नास वर्षे लक्षावधी लोकांच्या हातांत सरळ नळी होती, अडचण रोजची होती, आणि तरी ती कोणाला सुचली नाही. उत्तर पाहून गणित सोपे म्हणणाऱ्या विद्यार्थ्यासारखा न्यायाधीशाने वागू नये, म्हणून कायदा असा काळाचा पुरावा मानतो. शिवाय फ्रीडमनचा हक्क 'वाकडी नळी' या कल्पनेवर नव्हता. रुग्णालयांतून काचेच्या वाकड्या नळ्या होत्याच. त्याचे होते ते कागदी नळीला वाकवणाऱ्या वळ्यांपुरते. तसेच गरम कॉफीच्या कागदी पेल्याभोवती घालायच्या पट्टीचे. जे सॉरेन्सन या अमेरिकनाला तिचे पेटंट १९९५ मध्ये मिळाले. गरम भांड्याला काहीतरी गुंडाळून धरणे हे पदराने चहाचा पेला धरणाऱ्या आमच्या प्रत्येक बाईला ठाऊक. त्याचा हक्क होता तो पट्टीच्या आतल्या बाजूस पसरलेल्या छोट्या छोट्या खळग्यांवर. रोजच्या वस्तूचे पेटंट बहुधा असे चिंचोळे असते. मध्यस्थ मंडळी विकतात ते मात्र अख्खे शेत म्हणून, प्रत्यक्षात हाती येतो तो बांध.

आता पहिल्या प्रश्नाकडे, म्हणजे काकूच्या वाक्याकडे येतो. बोंडले म्हणजे चोच असलेले लहान भांडे; तान्ह्या मुलाला त्याने दूध पाजतात. पितळेचे, चांदीचे, ऐपतीप्रमाणे. "मी काही बोंडल्याने दूध पीत नाही," असे आपण अजून म्हणतो. म्हणजे वस्तू माळ्यावर गेली तरी भाषेत राहिली. परंतु बोंडल्याचे वर्णन कोणत्या तांत्रिक ग्रंथात आहे? कासाराने ते करून दिले, सुइणीने ते वापरायला शिकवले, लिहिले कोणीच नाही. मग ते 'आधी होते' हे सिद्ध कसे करायचे?

अमेरिकेच्या कायद्यात याचे उत्तर फार काळ विलक्षण होते. त्यांच्या देशात एखादी गोष्ट लोकांना ठाऊक असली किंवा वापरात असली, तरी पुरे. परदेशातली मात्र छापलेली किंवा पेटंट झालेली असली तरच मोजायची. म्हणजे वऱ्हाडातल्या प्रत्येक घरात बोंडले असले तरी वॉशिंग्टनच्या लेखी ते नव्हतेच. हा भेद गेला तो २०११ च्या सुधारणेने, जी १६ मार्च २०१३ पासून लागू झाली. हळदीच्या प्रकरणात याचाच चटका आपल्याला बसला. जखमेवर हळद लावण्याच्या वापराचे पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिले गेले. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे महासंचालक असताना, ते आव्हानले. पण "आमच्या आजीला हे ठाऊक होते," एवढे म्हणून भागले नाही. संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांतून आणि १९५३ च्या एका वैद्यकीय लेखातून मिळून ३२ लेखी पुरावे मांडावे लागले, तेव्हा १९९७ मध्ये ते रद्द झाले.

हा धडा आपण विसरलो नाही. २००२ च्या दुरुस्तीने आपल्या कायद्यात दोन गोष्टी आल्या. परंपरागत ज्ञान, किंवा परंपरेने ठाऊक असलेल्या घटकांचे गुण नुसते एकत्र केलेले, हे शोध मानायचे नाही, ही एक. आणि कोणत्याही स्थानिक समाजात तोंडी का होईना, पण ते ज्ञान असेल, तर तेवढ्यावरही पेटंटाला हरकत घेता येईल, ही दुसरी. हिमाचल प्रदेशात पाठीवर ओझे वाहण्याची 'किल्टा' नावाची बांबूची टोपली असते. तिच्या धर्तीवर केलेल्या प्लॅस्टिकच्या साधनाचे पेटंट घेतलेल्यांनी दुसऱ्या कंपनीला अडवायला पाहिले, तेव्हा २००७ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने परंपरेतल्या किल्ट्याकडे बोट दाखवून मनाईहुकूम नाकारला. दाराच्या मुठीचा १८५१ चा न्याय डोंगरातल्या टोपलीपर्यंत येऊन पोचला.

म्हणून मी म्हटले, की काकूचे वाक्य वजनदार होते. निरक्षर म्हातारीची खाटेवरची साक्ष आज कायद्याच्या दारात उभी राहू शकते.

संक्रांतीला पुन्हा रिठदला गेलो तेव्हा हे सारे पुतण्याला सांगितले. चोच बोंडल्याची. घट्ट झाकण फिरकीच्या तांब्याचे. लोटीला झाकण आणि झाकणाला नळी जोडणे कोणत्याही कासाराला सुचले असते. तो खाली मान घालून ऐकत होता. मग मी विचारले, "आणि हे भोक? मध्यस्थाने लिहून दिलेल्या कागदात त्याचा उल्लेख कसा नाही?"

"ते काय, काका, सहज पाडलं," तो म्हणाला. "पाणी जास्त आलं की आजीले ठसका लागे."

मला हसू आले आणि वाईटही वाटले. विचार करण्याजोगी गोष्ट असली तर तीच होती. चोच आणि भोक एकमेकांच्या कामात हात घालत होते, गोटी आणि वायूसारखे. अर्थात वरचे तोंड बोटाने दाबले की पपईच्या देठातले पाणी खाली पडत नाही, हे पोरांनाही ठाऊक असते. तत्त्व नवे नव्हतेच. रोग्याला पाजण्याच्या भांड्यात ते असे कोणी वापरले आहे का, हे पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर आणि परदेशी नोंदींत शोधून पाहता येते, त्याला पैसे पडत नाहीत, असे मी त्याला सांगितले. आम्ही दोघे त्याच्या फोनवर रात्री उशिरापर्यंत शोधत बसलो. बोटाने हवा अडवून धार आवरणारे रोग्यांचे पेले परदेशात होतेच.

शिवाय आणखी एक गोष्ट त्याने तेव्हाच सांगितली. दिवाळीनंतर त्याने असे दहाबारा तांब्ये करून आठवडी बाजारात विकलेही होते. अर्जाआधी वस्तू अशी उघड विकली, की नावीन्य आपणच घालवून बसतो, हे त्याला कोणी सांगितले नव्हते, मध्यस्थानेही नाही.

"म्हणजे माहं डोकं फुकटच गेलं म्हना," तो म्हणाला.

मी त्याला समजावले, की कायदा बुद्धी मोजत नाही. समाजाजवळ काय नव्हते आणि तू काय दिलेस, एवढेच तो विचारतो. मिर्झापूरच्या त्या भागीदाराने कामगारांच्या हातांची इजा वाचवली, हे निकालाने खोटे ठरले नाही. त्या युक्तीवर त्याचा एकट्याचा हक्क नाही, एवढेच ठरले. आणि आकार वेगळा, देखणा केलास तर त्या आकाराची नोंद २००० च्या डिझाइन कायद्याखाली करता येते. ती दहा वर्षे चालते, पुढे पाच वाढतात. पण तीही विकण्याआधी करायची असते.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग त्याने मध्यस्थाला फोन लावून पैसे देत नसल्याचे सांगितले. सोयाबीनचे पैसे घरात राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला म्हणाला, की भोक थोडे वर घेतले तर डावऱ्या माणसालाही बोट ठेवता येईल. आणि तांब्या उचलून तो काकूला पाणी पाजायला आत गेला.